जुन्या गाडीचा गळका हीटर कोअर स्वतः बदलणे : अनुभव, शंका आणि सल्ला

धागाकर्ता : ओली_मॅट

माझी गाडी एकवीस वर्षांची आहे. इंजिनाची काही कुरकुर नाही, परंतु गेल्या दोन महिन्यांत तीन गोष्टी एकापाठोपाठ एक लक्षात आल्या आणि त्यांचे मूळ एकच असावे हे कळायला मला बराच उशीर लागला. पहिली गोष्ट म्हणजे हीटर लावला की समोरच्या काचेवर आतून बाष्प धरते आणि ते साध्या बाष्पासारखे पुसले जात नाही. बोटाने रेघ ओढली तर रेघेच्या दोन्ही कडांना तेलकट साय जमते आणि फडके फिरवले की ती काचभर पसरते. दुसरी गोष्ट म्हणजे केबिनमध्ये येणारा गोडसर, पाक करपायला लागावा तसा वास. तिसरी अशी की कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, टाकी दर दहा-बारा दिवसांनी खालच्या खुणेपर्यंत उतरते, मात्र गाडी उभी असते त्या जागी जमिनीवर एक थेंबही सापडत नाही.

काल चालकाच्या शेजारच्या सीटपुढची मॅट सहज उचलली, तर खालचे कार्पेट ओलेचिंब होते. हात लावला तर बोटे बुळबुळीत झाली. गॅरेजमध्ये दाखवल्यावर ‘हीटर कोअर गेला आहे, डॅशबोर्ड पूर्ण उतरवावा लागेल, गाडी चार दिवस ठेवून जा’ असे उत्तर मिळाले. ब्रेक पॅड, बेल्ट, रेडिएटरचे होज ही कामे मी आजवर स्वतः केली आहेत, परंतु डॅशबोर्डला कधी हात लावलेला नाही. तेव्हा दोन प्रश्न आहेत. गळती हीटर कोअरचीच आहे याची खात्री कशी करावी, आणि हे काम घरी करण्याच्या आवाक्यातले आहे का?

प्रतिसाद : दहाचा_पाना

तुम्ही दिलेले वर्णन वाचून नव्वद टक्के लोक हीटर कोअरच म्हणतील आणि ते बहुधा बरोबरही ठरतील, तरीही उरलेल्या दहा टक्क्यांसाठी एक संध्याकाळ खर्च करा, कारण चुकीच्या निदानावर डॅशबोर्ड उतरवण्याइतके निराशाजनक काम दुसरे नाही.

ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हीटर कोअर म्हणजे डॅशबोर्डच्या पोटात बसवलेला छोटा रेडिएटर. इंजिनातून तापून आलेले कूलंट एका होजने इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून आत येते, कोअरच्या बारीक नळ्यांतून फिरते आणि दुसऱ्या होजने परत जाते. ब्लोअर त्या नळ्यांवरून हवा ढकलतो आणि आपल्याला गरम झोत मिळतो. कोअर दोन तऱ्हांनी बिघडतो. तो गळतो किंवा तुंबतो. तुंबला असेल तर कार्पेट कोरडे असते, वास नसतो, फक्त हवा कोमट येते, आणि इंजिन तापलेले असताना एक होज चटका देण्याइतका गरम व दुसरा जेमतेम उबदार लागतो. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप, उघडा अडकला तरीही हवा कोमटच येते, पण तेव्हा तापमानाचा काटाही नेहमीच्या जागेवर चढत नाही. तुमची लक्षणे गळतीची आहेत.

खात्रीसाठी हातपंपाचा प्रेशर टेस्टर मिळवा. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण काढून त्या जागी टेस्टर बसवा आणि झाकणावर छापलेल्या दाबापर्यंतच, म्हणजे बहुतेक गाड्यांत सुमारे एक बारपर्यंत, दाब भरा. त्यापुढे एक पंपसुद्धा मारू नका, नाहीतर चांगला असलेला जुना होज त्या हौसेपायी फाटेल. पंधरा-वीस मिनिटे काटा जागेवर राहिला तर थंड अवस्थेत गळती नाही. काटा उतरला, इंजिनाच्या बाजूला सगळे कोरडे असले आणि कार्पेटपाशी थेंब आले, तर शंकेला जागा उरत नाही. काटा उतरला पण आत-बाहेर कुठेच ओल नसेल, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग आणि ब्लॉक यांच्यामधल्या पातळ पट्टीचा, विचार करावा लागतो. त्यासाठी निळ्या द्रवाची चाचणी असते. टाकीतली हवा त्या द्रवातून ओढतात आणि तिच्यात इंजिनात जळालेला वायू मिसळलेला असेल तर निळा रंग पिवळा होतो.

प्रतिसाद : कोरडा_गालिचा

वरच्या प्रतिसादात एक शक्यता राहिली आहे आणि ती मी स्वतः भोगलेली आहे. कार्पेट ओले दिसल्याबरोबर मी नवा हीटर कोअर मागवून मोकळा झालो होतो. प्रत्यक्षात एसीच्या पाण्याचा निचरा करणारी रबरी नळी पाचोळ्याने बंद झाली होती आणि तेच पाणी आत उतरत होते. एक लवचिक तार घातल्यावर काम दोन मिनिटांत संपले. मागवलेला कोअर अजून माळ्यावर पडलेला आहे.

फरक ओळखणे सोपे आहे. पांढरा कागदी रुमाल कार्पेटवर दाबून धरा. एसीचे किंवा पावसाचे पाणी असेल तर रुमाल नुसता ओला होतो आणि थोड्या वेळाने वाळतो. कूलंट असेल तर त्यावर हिरवट, गुलाबी किंवा तुम्ही जे कूलंट वापरता त्याचा रंग उतरतो, स्पर्श बुळबुळीत लागतो आणि रुमाल दुसऱ्या दिवशीही दमट राहतो. चव घेऊन पाहण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नका, कारण इथिलीन ग्लायकॉल गोड असले तरी ते विष आहे.

प्रतिसाद : थंड_इंजिन

थोडे वेगळे मत मांडतो. एकवीस वर्षांच्या गाडीसाठी एवढा खटाटोप करण्यापूर्वी बायपासचा विचार का करू नये? हीटर कोअरकडे जाणारे दोन्ही होज पत्र्यापाशी काढायचे आणि एका नळीच्या तुकड्याने एकमेकांना जोडून टाकायचे. अर्ध्या तासाचे काम आहे. हीटर बंद होईल, पण गळती त्याच क्षणी थांबेल. दुसरा उपाय म्हणजे गळती बुजवणारी पावडर. ती मी एकदा वापरली होती आणि सहा महिने काम भागले होते.

प्रतिसाद : दहाचा_पाना

बायपासला माझा विरोध नाही, पण तो तात्पुरता उपाय आहे असे समजूनच करावा. समोरच्या काचेवरचे बाष्प घालवण्याचे मुख्य साधन हीटरच आहे आणि दमट किंवा थंड हवेत ते नसणे हा आरामाचा नव्हे तर सुरक्षिततेचा प्रश्न होतो. शिवाय बायपास करताना होजची तोंडे नुसती बुच मारून बंद करू नका, ती एकमेकांना जोडाच. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट बंद असेपर्यंत कूलंट फिरत राहण्याची वाट हीटरच्या होजमधूनच जाते. ती वाट बंद झाली तर इंजिनाचा एखादा भाग तापत राहील आणि थर्मोस्टॅटला त्याचा पत्ताही लागणार नाही.

पावडरीबद्दल मात्र माझे मत स्पष्ट आहे. गळणारे छिद्र कोणते आणि हीटर कोअरची अरुंद नळी कोणती, हा भेद तिला कळत नाही. तुमचे सहा महिने भागले, परंतु त्यानंतर रेडिएटर साफ करावा लागला होता का, हेही इथे लिहा.

प्रतिसाद : थंड_इंजिन

रेडिएटर बदलावा लागला होता. मुद्दा मान्य आहे.

धागाकर्ता : ओली_मॅट

सर्वांचे आभार. टेस्टर एका परिचिताकडून आणला. एक बार दाब भरल्यावर काटा सात मिनिटांत निम्म्यावर आला. इंजिनाच्या बाजूला सगळे कोरडे होते, पण डॅशबोर्डखाली डोके घालून विजेरी धरली तेव्हा ब्लोअरच्या पेटीच्या सांध्यातून एकेक थेंब सुटताना प्रत्यक्ष दिसला. रुमालावर हिरवा डागही आला. निदान पक्के झाले.

तेव्हा काम मीच करायचे ठरवले आहे. सध्या होज एकमेकांना जोडून बायपास केला आहे, त्यामुळे घाई नाही. गाडीची दुरुस्ती-पुस्तिका मिळाली आहे. तीत हीटर कोअर काढण्याच्या कृतीची पहिलीच ओळ ‘डॅशबोर्ड काढा’ अशी आहे आणि डॅशबोर्ड काढण्याची कृती स्वतंत्र चौदा पानांची आहे. सुरुवात करण्यापूर्वी काय जमवून ठेवावे?

प्रतिसाद : दहाचा_पाना

सर्वांत आधी एक गोष्ट तपासा, कारण तुमचे काम किती वाढणार हे तिच्यावर ठरते. एसीचा इव्हॅपोरेटर (हवा थंड करणारा भाग) आणि हीटर कोअर एकाच पेटीत आहेत का, आणि कोअर त्या पेटीतून बाजूला सरकवून निघतो की संपूर्ण पेटी बाहेर काढून फोडावी लागते? पेटी बाहेर काढायची असेल तर एसीच्या नळ्या सोडाव्या लागतात. तसे असेल तर आधी गाडी एसीवाल्याकडे नेऊन गॅस यंत्राने काढून घ्या. नळी सैल करून गॅस हवेत सोडून देण्याचा प्रकार सर्रास चालतो, पण तो करू नका. एसीतला आर-१३४ए हा गॅस वातावरणाच्या दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो, म्हणजे अंगावर उडाला तर त्वचा आणि डोळे गोठवतो. शिवाय तापमानवाढीच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक जड आहे. एखादी गाडी तुमच्या गाडीपेक्षाही जुनी असून तिच्यात आर-१२ हा गॅस असेल तर तो ओझोनचा थर विरळ करणाऱ्या वायूंपैकी आहे. १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने ज्या वायूंचे उत्पादन थांबवले त्यांत तो होता.

सामानात कोअरबरोबर नवे ओ-रिंग (सांध्यात बसणारी रबरी कडी), दोन्ही होज, त्यांचे क्लॅम्प आणि हीटर व्हॉल्व्ह असेल तर तोही घ्या. पेटीतल्या झडपांवर चिकटवलेला फोम इतक्या वर्षांत हात लावताच भुगा होतो, म्हणून स्वतःच्या चिकटपट्टीसह मिळणारा बंद पेशींचा फोमही आणून ठेवा. तो बदलला नाही तर नवा कोअर घालूनही गरम आणि थंड हवा एकमेकींत मिसळत राहते आणि मग माणूस कोअरला दोष देतो.

प्रतिसाद : पिवळा_कनेक्टर

एअरबॅगविषयी अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. बॅटरीची ऋण तार आधी काढा, ती चुकूनही परत टेकणार नाही अशी बाजूला बांधून ठेवा आणि पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबा. हा वेळ प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, काहींचा एक-दोन मिनिटांचा तर काहींचा त्याहून बराच जास्त. बॅटरी सुटल्यावरही एअरबॅगच्या यंत्रणेतील कपॅसिटरमध्ये काही काळ वीज साठून राहते, म्हणून ही सवड द्यावी लागते. एअरबॅगच्या तारांचे कनेक्टर बहुधा पिवळे असतात. त्यांवर मल्टीमीटर कधीही लावू नका. काढलेली एअरबॅग हातात नेताना तिची शोभेची बाजू अंगापासून दूर धरा आणि ठेवताना तीच बाजू वर ठेवा.

दुसरे असे की स्टीअरिंगचा दांडा खाली सोडावा लागणार असेल, तर पुढची चाके सरळ ठेवून स्टीअरिंग कुलूपबंद करा. चाकापासून सुटलेले स्टीअरिंग कोणी गंमत म्हणून दोन-चार वेळा फिरवले, तर त्याच्या आतली गुंडाळलेली चपटी तार तुटते आणि मग हॉर्न व एअरबॅग दोन्ही गप्प होतात.

प्रतिसाद : चार_दिवस_ठेवून_जा

मी गॅरेज चालवतो. वरचे सल्ले योग्य आहेत, तरीही एक सांगावेसे वाटते. हे काम अवघड नाही, लांबलचक आहे. आमच्याकडे अर्धवट उघडलेल्या, खोक्यांत स्क्रू भरलेल्या गाड्या ओढून आणल्या जातात तेव्हा सुटा भाग बदलायचे काम राहिलेले नसते, कोणता स्क्रू कुठला हे शोधायचे काम असते. ते नव्याने डॅशबोर्ड उतरवण्यापेक्षा जास्त वेळ खाते. करायचेच असेल तर खुणा करून करा, नाहीतर सुरुवातीलाच आमच्याकडे आणा.

धागाकर्ता : ओली_मॅट

दोन रविवारांचा अहवाल लिहितो. थोडा लांब होईल, पण ज्यांना पुढे हे काम करायचे आहे त्यांना त्याचा उपयोग व्हावा.

गॅरेजवाल्या सदस्यांचा इशारा मनावर घेतला होता, म्हणून अंड्यांचे सहा रिकामे ट्रे जमवले आणि प्रत्येक खळग्याला क्रमांक दिला. काढलेला प्रत्येक स्क्रू त्याच्या खळग्यात गेला आणि वहीत ‘खळगा १४, घड्याळाच्या काट्याच्या पेटीवरचा डावा, लांब, काळा’ अशी नोंद झाली. प्रत्येक पायरीला दोन छायाचित्रे घेतली, एक लांबून आणि एक जवळून. जवळून घेतलेली छायाचित्रे नंतर बघताना ती डॅशबोर्डच्या कोणत्या कोपऱ्याची आहेत हेच कळत नाही, हे पहिल्या तासातच समजले होते. तारांच्या कनेक्टरना कागदी चिकटपट्टीचे झेंडे लावले आणि जोडीच्या दोन्ही बाजूंना तेच अक्षर लिहिले.

पहिल्या रविवारी सीट, मधला कप्पा, रेडिओ, हीटरच्या बटणांची पट्टी, काट्यांची पेटी आणि हातमोज्यांचा कप्पा एवढेच निघाले. हीटरच्या बटणांमागच्या तारा सोडताना त्या कोणत्या खाचेत बसल्या होत्या याची खूण नेलपॉलिशने केली, कारण एक खाच चुकली तरी थंड-गरम झडप पुरती मिटत नाही असे पुस्तिकेत ठळक अक्षरांत लिहिले आहे. डॅशबोर्डचा सांगाडा दुसऱ्या रविवारी सुटला आणि त्यासाठी दुसरा माणूस लागलाच. सगळे बोल्ट निघाल्यावरही तो हलत नव्हता. दोघेही त्याला खेचत असताना माझी मुलगी टॉर्च धरून उभी होती, तिला काचेच्या तळाशी जाळीखाली दडलेला एक बोल्ट दिसला. आम्ही जोर लावत राहिलो असतो तर तो कोपरा नक्की तडकला असता.

त्याआधी, बायपाससाठी इंजिनाच्या बाजूने होज सोडताना, मात्र मी एक योग्य गोष्ट केली होती. होज कोअरच्या नळीला असे चिकटले होते की पक्कडीने पिळण्याचा मोह होत होता. पिळले तर आतली नळी मुरगळते असे कुठेतरी वाचले होते, म्हणून ब्लेडने होजवर लांबीच्या दिशेने चीर दिली. रबर केळ्याच्या सालीसारखे उघडले आणि होज हाताने निघाला. नळीवर पांढऱ्या-हिरव्या पुटांचे कडे जमलेले होते.

माझ्या गाडीत, सुदैवाने, कोअर पेटीच्या बाजूने सरकून निघतो, त्यामुळे एसीला हात लावावा लागला नाही. दोन पट्ट्या, चार स्क्रू, आणि कोअर हातात आला. वहीप्रमाणे या शेवटच्या पायरीला अकरा मिनिटे लागली. तिथपर्यंत पोहोचायला तेरा तास लागले होते. कोअरच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे ॲल्युमिनियमच्या नळ्या टाकीला मिळतात, तिथे मोहरीएवढा पांढरा फोड होता. नखाने टोकरला तर तो भुसभुशीत निघाला आणि त्याखाली टाचणीचे टोक जाईल एवढे छिद्र होते. एवढ्याशा छिद्राने दोन महिने गाडीत साय पसरवली.

प्रतिसाद : तांबे_पितळ

त्या पांढऱ्या फोडाकडे दुर्लक्ष करू नका. कोअर वयाने गेला की त्याला कोणीतरी खाल्ला, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. तुमच्या गाडीहून जुन्या गाड्यांत तांबे आणि पितळेचे, डाख दिलेले कोअर असत. ते गळले तर डाख देऊन पुन्हा चालवता येत. ॲल्युमिनियम हलके आणि उष्णता देण्यात चांगले, पण त्याचे सर्व आयुष्य कूलंटमधल्या गंजरोधक द्रव्यांवर टिकून असते. ती द्रव्ये हळूहळू संपतात. कूलंटचा रंग तसाच राहतो, त्यामुळे माणूस फसतो. जुन्या पद्धतीचे हिरवे कूलंट साधारण दोन वर्षांत आणि नव्या सेंद्रिय आम्लांवर आधारलेले कूलंट साधारण पाच वर्षांत बदलायचे असते. तुम्ही शेवटचे कधी बदलले होते?

आणखी एक चाचणी करा. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी तार बॅटरीच्या ऋण टोकाला लावा आणि लाल तारेचे टोक धातूला न टेकवता थेट कूलंटमध्ये बुडवा. आधी सगळे बंद ठेवून वाचन घ्या, नंतर इंजिन सुरू करून दिवे, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर एकेक करून लावत जा. काटा तीनदशांश व्होल्टच्या वर जात असेल तर काळजीचे आहे. एखादे उपकरण लावताच तो उडी मारत असेल तर त्या उपकरणाची अर्थिंग तुटलेली आहे आणि तिची वीज कूलंटमधून वाट काढते आहे असे समजा. अशा गाडीत नवा कोअरही फार दिवस टिकत नाही.

धागाकर्ता : ओली_मॅट

कूलंट सहा वर्षांपूर्वी बदलले होते आणि त्यानंतर टाकी उतरली की नळाचे पाणी घालत होतो, हे लिहायला संकोच वाटतो, पण वस्तुस्थिती ती आहे. डॅशबोर्ड उघडा असल्यामुळे व्होल्टेजची चाचणी आत्ता होणार नाही. इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी मात्र पाहिली. तिचे निम्मे धागे तुटलेले होते आणि टोक काळे पडले होते. नवी आणली.

नवा कोअर बसवला, फोम चिकटवला, नवे होज लावले. येत्या रविवारी डॅशबोर्ड परत चढवतो.

प्रतिसाद : दहाचा_पाना

थांबा. डॅशबोर्ड चढवू नका.

आधी कूलंट न भरता, नुसत्या पाण्याने यंत्रणा भरा आणि तोच टेस्टर लावून एक बार दाब अर्धा तास ठेवा. नवा कोअर म्हणजे चांगला कोअर असे गृहीत धरू नका. बसवण्यापूर्वी तो बादलीत बुडवून हवेच्या हलक्या दाबाने बुडबुडे पाहिले असते तर आणखी बरे झाले असते. आता निदान सांधे उघडे आहेत तोवर विजेरी घेऊन प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद ठेवा. आज अर्धा तास वाचवलात तर पुढच्या महिन्यात तेच तेरा तास पुन्हा द्यावे लागतील.

धागाकर्ता : ओली_मॅट

तुमचे कोणत्या शब्दांत आभार मानू ते कळत नाही. काटा पहिली दहा मिनिटे हलला नाही आणि मी जवळजवळ निर्धास्त झालो होतो. बाराव्या मिनिटाला तो कागदाच्या जाडीएवढा खाली आला, आणि कोअरच्या वरच्या नळीखाली ठेवलेल्या कागदावर टिकलीएवढा ओला ठिपका उमटला. सांधा सोडून पाहिले तर ओ-रिंग एका बाजूला खाचेतून निसटून चिमटला गेला होता आणि त्यावर चंद्रकोरीसारखा काप पडला होता. कोरडाच बसवला होता, ही चूक. दुसरा ओ-रिंग कूलंटच्या थेंबाने ओला करून हाताने नीट बसवला, स्क्रू आलटून-पालटून आवळले आणि पुन्हा दाब भरला. चाळीस मिनिटे काटा होता तिथेच राहिला. मग जेवून परत येऊन पाहिले, तरीही तिथेच होता.

प्रतिसाद : कोरडा_गालिचा

डॅशबोर्ड उघडाच आहे तर कार्पेट आणि त्याखालचा जाड नमदाही बाहेर काढा. ग्लायकॉल हवेतले पाणी ओढून घेते, म्हणून ते सांडलेले कार्पेट उन्हात ठेवूनही आपोआप कोरडे होत नाही. साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन, दाबून, मगच वाळवावे लागते. खालचा नमदा तसाच ठेवला तर पत्रा आतून गंजतो आणि काही गाड्यांत त्याच जागी संगणकाची पेटी किंवा तारांचे जोड असतात, तेही सडतात. धुतलेले पाणी उघड्यावर साचू देऊ नका, कुत्री-मांजरे ते गोड म्हणून पितात.

धागाकर्ता : ओली_मॅट

डॅशबोर्ड चढला. उतरवायला जेवढा वेळ लागला त्याच्या निम्म्यात चढवणे झाले, याचे श्रेय अंड्यांच्या ट्रेला. मात्र आता नवीनच प्रकार सुरू आहे. कूलंट भरल्यावर हवा पाच मिनिटे गरम येते, मग एकदम थंड होते आणि डॅशबोर्डमागे घोटभर पाणी ओतल्यासारखा गुळगुळ आवाज येतो. पुन्हा काही चुकले का?

प्रतिसाद : थंड_इंजिन

काही चुकलेले नाही, हवा अडकली आहे. अनेक गाड्यांत कोअर रेडिएटरच्या झाकणाच्या पातळीवर किंवा त्याहून उंच बसतो, त्यामुळे हवेचा फुगा तिथेच जाऊन बसतो. गाडीचे नाक चढावर येईल अशी ती उभी करा, इंजिन थंड असताना झाकण उघडा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, पुस्तिकेत हवा सोडण्याचा स्क्रू दिलेला असेल तर तो उघडा आणि त्यातून बुडबुडे थांबून सलग द्रव येईपर्यंत हळूहळू भरत राहा. मग इंजिन सुरू करून पातळी पाहत थर्मोस्टॅट उघडू द्या. दोन्ही होज सारखे गरम लागले आणि रेडिएटरचा पंखा दोनदा फिरून थांबला की इंजिन बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या आणि पुन्हा टाकी भरा. गरम असताना झाकण उघडू नका. दाबाखालचे कूलंट शंभर अंशांच्या वर असूनही उकळलेले नसते, झाकण सैल होताच उकळून अंगावर येते.

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे घ्या. आणि जुन्या हिरव्या कूलंटमध्ये वेगळ्या जातीचे मिसळू नका, काही मिश्रणांचा गाळ होतो आणि तो पहिल्यांदा हीटर कोअरमध्येच अडकतो.

प्रतिसाद : तांबे_पितळ

आता इंजिन सुरू होते आहे तर ती व्होल्टेजची चाचणी करा आणि आकडा इथे लिहा.

धागाकर्ता : ओली_मॅट

शेवटचा अहवाल. हवा निघायला तीन फेऱ्या लागल्या. तिसऱ्या फेरीत स्क्रूतून आधी फुसफुस झाली, मग दोन मोठे बुडबुडे आले आणि मग सलग धार. त्यानंतर गुळगुळ बंद झाली आहे. व्होल्टेज सगळे बंद असताना शून्याच्या आसपास आणि सगळे सुरू असताना आठशतांश व्होल्ट आले. जुन्या पट्टीने किती आले असते हे पाहण्याची उत्सुकता होती, परंतु ती परत लावण्याइतकी नव्हती.

काचेवरची साय पहिले सहा-सात दिवस थोडी थोडी येत राहिली. पेटीत आणि हवेच्या नळ्यांत आधी बसलेले कूलंट उडून जात असावे. रोज साबणाच्या पाण्याने आणि नंतर कोरड्या फडक्याने पुसत राहिलो आणि दुसऱ्या आठवड्यात ती थांबली. टाकीची पातळी पाच आठवडे खुणेवरून हललेली नाही. कार्पेट परत बसवले आहे आणि अजून दर दोन दिवसांनी मॅट उचलून त्याखाली तळहात फिरवण्याची सवय सुटलेली नाही.

ट्रेमध्ये खळगा ३१ मध्ये एक स्क्रू उरला आहे. वहीत त्याच्यापुढे ‘मधल्या कप्प्यामागचा, आखूड’ असे लिहिले आहे आणि त्या जागी आता स्क्रू आहे, लांब. म्हणजे कुठेतरी एक लांब स्क्रू असायला हवा तिथे काहीच नाही. खडखड कुठूनही येत नाही. गॅरेजवाल्या सदस्यांना विचारावेसे वाटते की असे उरलेले स्क्रू आपल्याकडे किती जमतात.

प्रतिसाद : चार_दिवस_ठेवून_जा

एक डबा भरला आहे. तुमच्या स्क्रूविषयी मात्र गंभीरपणे सांगतो. मधल्या कप्प्यामागे लांब स्क्रू गेला असेल तर त्याचे टोक आतल्या तारांच्या जुडग्याला घासत नाही ना, हे एकदा पाहा. तो काढून आखूड लावा, मग हातातला लांब स्क्रू घेऊन हातमोज्यांच्या कप्प्याच्या वरच्या ओळीत बघा. बहुधा तिथलाच निघेल.

धागाकर्ता : ओली_मॅट

तिथलाच निघाला. डावीकडून दुसरा.